हाताने पिळलेली तार

राग आला की माझी शाळेतली भाषा सुटते, हे आधीच सांगून ठेवतो. आणि हे सगळं लिहिताना मला रागच येणार आहे.

बागेतली गाडी पुन्हा सुरू करायची ठरली, तेव्हा मॅनेजर साहेब मला म्हणाले, "मिस्त्री, झालं गेलं गंगेला मिळालं." गंगेला! जिचा जीव गेला त्या मावशीचा तेरावा होऊन चार दिवस नव्हते झाले. हा माणूस रंगाचे डबे मोजत उभा आणि म्हणे गंगेला मिळालं. माझ्या हातात तेव्हा हातोडा होता. तो मी खाली ठेवला, कारण माझाच मला भरवसा वाटत नव्हता.

मी ट्रॅक्टरचा मिस्त्री. उंद्रीच्या रस्त्याला माझं पत्र्याचं गॅरेज आहे. नांगराचा फाळ, ट्रॉलीचा हूक, फाटलेला सायलेन्सर, जे येईल ते करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका टेकाडावर बाग झाली. पाण्याच्या घसरगुंड्या, पाळणे, सिमेंटचा डायनासोर, एक तळं आणि त्यात बदकाच्या होड्या. गाड्या लावायची जागा टेकाडाच्या पायथ्याशी आणि बागेचं दार वर. मधल्या चढावर म्हाताऱ्याकोताऱ्यांची दमछाक होते, म्हणून मालकाने गाडी केली. गाडी म्हणजे काय, तर पुढे ट्रॅक्टर, त्याला पत्रा ठोकून रेल्वेच्या इंजिनाचं सोंग दिलेलं, आणि मागे तीन डबे. ट्रॅक्टर आला म्हणजे मिस्त्री आला. मला महिन्याच्या बोलीवर ठेवलं.

गाडी चालवायचे आमचे चाचा. उंद्रीचेच. तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये ट्रक चालवलेला माणूस. पाच वेळची नमाज आणि तीन वेळचा चहा कधी चुकवायचे नाहीत. आणि शेवटच्या डब्यात, मागे तोंड करून, शिट्टी घेऊन बसायच्या मावशी. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन शिट्ट्या म्हणजे चल. डब्याबाहेर हात काढणाऱ्या पोरांना त्या अशा काही झापायच्या, की पोरांच्या आयादेखील आपले हात आत घ्यायच्या. लोणारचं सरोवर पाहून लोक दुपारी आमच्याकडे यायचे. संग्रामपूरकडून गाड्या भरून यायचे. पण एकही जण मावशींच्या शिट्टीच्या बाहेर गेला नाही.

माझी त्या रोज एकदा तरी टर उडवायच्या. म्हणायच्या, "मिस्त्रीभाऊ, तुमची गाडी माह्या गुडघ्यावानी वाजून राह्यली. दोघीईले तेल द्या." मी म्हणायचो, "मावशी, गाडीले देतो, तुमचं डॉक्टरले सांगा." असा आमचा संसार.

मावशींच्या सीटखाली एक दगड असायचा. चांगला पायलीएवढा, एका बाजूने चपटा. चढावर मध्येच एक थांबा होता, तिथे गाडी थांबली की मावशी खाली उतरायच्या, दगड शेवटच्या डब्याच्या चाकामागे लावायच्या, आणि लोक चढले-उतरले की दगड उचलून परत सीटखाली. चढावर बैलगाडी थांबवली की चाकाला दगड लावायचा, हे त्या माहेराहून शिकून आलेल्या. डब्यांना स्वतःचे ब्रेक नव्हते ना! मॅनेजर साहेबांना तो दगड खुपायचा. "गबाळं दिसतं ते, लोक फोटो काढतात," म्हणून दोनदा त्यांनी तो फेकायला लावला. दोन्ही वेळा मावशींनी उचलून परत आणला.

मीसुद्धा साहेबांना सांगितलं होतं. एकदा तोंडी, एकदा रजिस्टरमध्ये लिहून. प्रत्येक डब्याला जोडसाखळी पाहिजे, म्हणजे पिन निघाली तरी डबा सुटणार नाही. साहेब म्हणाले, "बघू, सीझन होऊ द्या." उन्हाळ्याचा सीझन झाला, श्रावणाचा झाला. साहेबांचं बघणं काही झालं नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, आणि इथे मला दुसऱ्या कोणावर बोट ठेवता येत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाने, पकडी, हातोडे, ड्रिल, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं देऊन येईपर्यंत हत्यार उचलायचं नाही. माझ्या बापाने कधी उचललं नाही, त्याच्या बापाने उचललं नाही. बागेच्या शेडमध्येही मी तशीच पूजा मांडली. साहेबांनी नारळ फोडला, सगळ्यांना पेढे दिले. तास-दीड तास झाला असेल, आणि चाचा शेडमध्ये आले.

"मिस्त्री, शेवटच्या डब्याच्या पिनचं भोक फाटलं. लॉक बसतच नाही. पिन उड्या मारून राह्यली."

मी जाऊन पाहिलं. डबे जोडणाऱ्या दांड्यातून आरपार गेलेली पिन, तिच्या खालच्या टोकाला भोक, भोकात लॉक. ते भोकच फाटलेलं. नवं भोक पाडायचं म्हणजे ड्रिल पाहिजे. ड्रिल पाटावर, कुंकू लावून.

"चाचा, आताच पूजा झाली. उद्या सांजीले हत्यारं उठवतो. पहिलं काम तुमचं."

"मंग उद्या गाडी उभी ठेवू," चाचा म्हणाले.

साहेब मागेच होते. "उद्या? दसऱ्याला? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी आहे उद्या. काहीतरी जुगाड करा."

जुगाड! हा शब्द काढला की आमच्याकडे प्रत्येक मिस्त्रीला वाटतं आपली परीक्षा आहे. मलाही वाटलं. कुंपणाची बाइंडिंगची तार पडलेली होती. ती मी पिनच्या डोक्यावरून घेतली, दांड्याखालून काढली आणि पिळली. हाताने. पक्कड पूजेत होती ना! तार पकडीने पिळायची असते, हे शेंबडं पोरही सांगेल. पाच पावलांवर माझी पक्कड झेंडूचं फूल घेऊन बसली होती आणि मी बोटं सोलत तार पिळत होतो, कारण मला देवाची भीती वाटली. चढाची नाही वाटली.

मावशी बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "मिस्त्रीभाऊ, हातच्या पिळ्यानं कुठी घट्ट बसते का हो?"

मी काय म्हणालो, ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "मावशी, तुमी शिट्टी पाहा, मी तार पाहतो."

त्या हसल्या आणि गेल्या. आमचं ते शेवटचं बोलणं.

दसऱ्याला भर दुपारी गाडी चढावर होती. तिन्ही डबे गच्च. मी वर दाराशी होतो. एक शिट्टी ऐकू आली. मग दुसरी, मग तिसरी, न थांबता. मी वळलो तर शेवटचा डबा मागे चाललेला, एकटा. आत बायका-पोरं किंचाळताहेत. आणि मावशी खाली उतरलेल्या, दोन्ही हातांत दगड धरून डब्याच्या मागे. त्यांनी चाकाखाली दगड सरकवला. दगड बसला. डबा तिरका होऊन थांबला. आतल्या कोणालाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण डबा तिरका झाला तो मावशींच्या बाजूला, आणि मावशी डब्याच्या आणि लोखंडी कठड्याच्या मधात सापडल्या.

आम्ही दहाबारा जणांनी डबा हाताने उचलला. उपयोग नव्हता.

लोक मावशींना घेऊन गेले, गर्दी पांगली. मी चढावर मागे राहिलो. रस्त्याच्या कडेला मला तार दिसली. पीळ सुटून सरळ झालेली. मी ती उचलली आणि पँटच्या खिशात घातली. जमादार पंचनाम्याला आले. म्हणाले, "मिस्त्री, गाडी ठीक होती?"

"ठीक होती," मी म्हणालो.

चाचा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. जमादारांनी त्यांना फक्त वेग विचारला, त्यांनी वेग सांगितला. मी त्या दिवशी मूग गिळून बसलो. भ्याडासारखा. ह्याला दुसरा शब्द मला माहीत नाही आणि मी शोधतही नाही.

गाडी बंद झाली. पण दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या, आणि साहेबांना गाडी हवी होती. मग पाहा कशी चक्रं फिरली! ज्या साखळ्या दोन सीझन 'बघू'मध्ये अडकल्या होत्या, त्या चार दिवसांत आल्या. नव्या पिना आल्या. डब्यांना ब्रेक बसले. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, ते मी माझ्याच हातांनी केलं. एकेक साखळी बसवताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ही अर्ध्या दिवसाची कामं होती हो! अर्ध्या दिवसाची!

शेवटचा डबा लाल होता, तो निळा रंगवला. त्यावर हसणारा हत्ती काढला. लोकांना ओळखू येऊ नये म्हणून. मावशींचा दगड कोणीतरी नालीत टाकला होता. मी तो काढून धुतला आणि शेडमध्ये ठेवला.

गाडी सुरू करायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक कागद होता. त्यात लिहिलेलं, की अपघाताच्या दिवशी गाडी पूर्ण तंदुरुस्त होती, आणि महिला कर्मचारी सूचनेविरुद्ध चालत्या गाडीतून उतरल्याने स्वतःच्या चुकीने दगावली. खाली माझ्या सहीची जागा.

"हे काय साहेब?"

"फॉर्मॅलिटी आहे. तुम्हीच तर सांगितलंत ना जमादारांना, गाडी ठीक होती? तेच लिहिलंय. आणि तिने उतरायला नको होतं, हे खोटं आहे का?"

माझाच शब्द माझ्या तोंडावर मारला होता त्यांनी. 'उद्या पाहतो' म्हणालो आणि बाहेर पडलो.

बाहेर मावशींची लेक उभी होती. तिला लोणारला दिलेली, नवरा-बायको मिळून शिलाईचं दुकान चालवतात. आईची शिट्टी आणि चपला न्यायला आली होती. मला ओळखून जवळ आली.

"तुमीच ना थे मिस्त्रीभाऊ? माय तुमचं नाव काढे. मले एक सांगा. हे लोक म्हणून राह्यले, का माय चालत्या गाडीतून उगंच उतरली. माही सासू म्हणते, तुही माय येडी होती. माही माय येडी होती का?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग काऊन उतरली?"

मला कळत होतं, एवढं बोलून मी गप्प बसलो, तर सगळं त्या कागदासारखंच राहील. मावशी कायमच्या येड्या ठरतील, लेकीच्या सासरीसुद्धा. तरीही मी तेव्हा गप्प बसलो. लेक शिट्टी मुठीत धरून गेली. घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोने काय झालं विचारलं तर तिच्यावर खेकसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हार घालून उभी. नारळ, अगरबत्ती, सगळं. लेकीलाही बोलावलेलं, साहेबांना तिच्या हातून नारळ फोडून घ्यायचा होता आणि फोटो काढायचा होता! म्हणजे बघा माणसाची हिंमत. आधी त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. "मिस्त्री, सही करा, मग मुहूर्त करू."

मी खिशातून तार काढली आणि कागदावर ठेवली.

"हे काय आहे?"

"पिनला बांधलेली तार हाय, साहेब. शेवटच्या डब्याच्या. भोक फाटलं होतं, लॉक बसत नव्हतं, आदल्या दिवशीच. तुमाले मालूम होतं, मले मालूम होतं, चाचाले मालूम होतं. गाडी ठीक नव्हती. मी खोटं बोललो."

"मिस्त्री, हळू बोला."

"हळू कायले बोलू? तुमी साखळ्या दिल्या नाई. मी पक्कड उचलली नाई, काऊन तं पूजेत होती. हातानं तार पिळली मी. मावशीनं मले तोंडावर सांगतलं होतं, घट्ट बसत नाही म्हणून. मी तिची टर उडवली. अन् हे कागदात लिहून राह्यले, का चूक तिची! पोरं होती डब्यात, साहेब! तुमच्या फेकलेल्या दगडानं वाचली थे!"

चाचा ट्रॅक्टरवर बसले होते. त्यांनी चावी काढली, खिशात घातली आणि खाली उतरले. "चल, मिस्त्री," म्हणाले. "ठाण्यात जाऊ. मले बी बोलायचं हाय."

मला वाटलं होतं, लेक रडेल, किंवा बरं झालं सांगितलं म्हणेल. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातातला नारळ तिने जमिनीवर ठेवला.

"म्हंजे तुमच्या पूजेत तुमी माह्या मायले वाहिलं," ती म्हणाली.

खरंच होतं ते.

ठाण्यात आम्ही दोघांनी जबाब बदलून दिले. जमादार माझ्यावर ओरडले, ते मी ऐकून घेतलं. गाडी आणखी काही आठवडे बंद राहिली. तपासणीला बाहेरून माणसं आली, आणि मग सुरू झाली ती साखळ्यांसकट. ती आता रोज चढते. मॅनेजर बदलला. चाचांनी गाडी सोडली, आता नातवाला शाळेत सोडतात. केस चालू आहे, त्यात साहेबांचं नाव आहे आणि माझंही आहे. पण पोलिसांच्या कागदात मावशी आता चुकीने उतरलेल्या नाहीत. डबा अडवायला उतरल्या, असं लिहिलं आहे. तेवढं वाक्य मी तारखेला गेलो की कागद मागून घेऊन वाचतो.

यंदाच्या खंडेनवमीला बायकोने पाट मांडला. मी गॅरेजमधली हत्यारं घासून दिली. मन नव्हतं, पण ती बिचारी सकाळपासून उपाशी होती. पूजा झाली, मी बाहेर खाटेवर येऊन बसलो. तेवढ्यात एक स्कूटी थांबली. मावशींची लेक. वर्षभरात ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तारखेला यायची, तोंड फिरवून बसायची.

"नंबरप्लेट लोंबून राह्यली," ती म्हणाली. "बांधून द्या."

नंबरप्लेटचा एक बोल्ट गेलेला होता. उंद्रीत दुसरी दोन गॅरेजं आहेत आणि लोणारहून इथपर्यंत वाटेत आणखी किती लागतात ते मोजत बसत नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्यामागे पाहत होती. उघड्या दारातून पाट दिसत होता.

"आज नवमी हाय ना?" ती म्हणाली. "हत्यारं पूजेत असतीन."

मी उठलो. आत गेलो. बायको म्हणाली, "अहो, काय करून राह्यले?" मी पाटावरून पक्कड उचलली. तिच्यावरचं फूल खाली पडलं. माझ्या बापाने कधी उचलली नाही ती.

तार घेतली, नंबरप्लेटच्या भोकातून काढली आणि पिळायला लागलो. ती माझ्या हातांवरून नजर हलवत नव्हती. पकडीचं कुंकू माझ्या बोटांना लागलं.

"घट्ट पिळा," ती म्हणाली.

मी पिळली. इतकी पिळली की तार तुटली. ती तशीच उभी राहिली. मी दुसरी तार घेतली.